आमचा मोत्या गेला तेव्हा

गेली तीस वर्षे मी कृषी विस्तार अधिकारी म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातली गावे फिरतो आहे. सभेत उभा राहिलो की माझी काही वाक्ये ठरलेली असतात. माती तपासून घ्या. बियाण्यावर प्रक्रिया केल्याशिवाय रोपे टाकू नका. औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचल्याखेरीज टोपण उघडू नका. आणि गोठ्यात भाकड जनावर पोसू नका. यातले शेवटचे वाक्य २०२५ च्या श्रावणापासून माझ्या तोंडून निघत नाही. त्याला कारण आमच्या घरचा एक कुत्रा.

शेतकऱ्यांच्या साप्ताहिकात कुत्र्याविषयी काय लिहायचे, असे कुणी म्हणेल. परंतु आमच्या कोकणात राखणीवाचून बाग नाही आणि कुत्र्यावाचून राखण नाही. आमचे नाटे गाव राजापूर तालुक्यात, खाडीच्या मुखाशी. इकडे यशवंतगड, खाडीपलीकडे जैतापूर, खाली साखरी नाट्याचे बंदर. वर सगळा कातळ. त्या कातळात सुरुंग लावून खड्डे काढायचे, बाहेरून माती आणून भरायची आणि त्यात हापूसची कलमे लावायची. माझ्या वडिलांनी अशी साठ कलमे उभी केली. ती जगवणे एक आणि वानरांपासून राखणे दुसरे.

मोत्या आमच्याकडे आला २०११ च्या जूनमध्ये. शाळा नुकती सुरू झाली होती. मुलगी पाचवीत होती. एस.टी.च्या शेडमध्ये भिजत पडलेले पिलू तिने दप्तरात घालून आणले. वह्या बाहेर हातात आणि कुत्रा आत दप्तरात, अशी ती खळ्यात उभी राहिली. माझी आई म्हणाली, "पावसातनं आलंय बिचारं. पाऊस सरंपर्यंत ऱ्हाऊ दे." पाऊस सरला, मोत्या राहिला. पुढे चौदा पाऊस तो राहिला.

रंगाने पांढरा, एक कान काळा. जात विचाराल तर गावठी. माघ सरला की तो घरी कमी आणि बागेत जास्त असे. पहाटे वानरांची टोळी कलमांवर उतरायची वेळ त्याला माझ्यापेक्षा बरी ठाऊक होती. एका वर्षी वाडीतले दोन कुत्रे बिबट्याने नेले. तेव्हापासून रात्री त्याला पडवीत बंद करू लागलो, तर पहाटे दार उघडेपर्यंत तो फळीवर पंजे मारी. आंबा पेटीत भरून मुंबईला जाई तेव्हा त्यात मोत्याची मजुरी किती, हा हिशेब मी कधी मांडला नाही.

त्याची आणखी एक सवय होती. मी संध्याकाळी फिरतीवरून परतताना खालच्या वळणावर मोटारसायकलचा गियर बदलतो. तो आवाज घरात कुणाला ऐकू येत नसे, मोत्याला येई. तो गडग्यापाशी येऊन उभा राही आणि आई चुलीवर चहाचे आधण ठेवी. माझा चहा असा मोत्याच्या कानावर चाले.

२०२२ च्या पावसाळ्यानंतर एका संध्याकाळी गडग्यापाशी कुणी नव्हते. मी खळ्यात गाडी लावली, पायऱ्या चढलो, तरी तो पडवीत झोपलेलाच. हात लावला तेव्हा दचकून उठला आणि माझ्याच हातावर गुरगुरला. मग वास घेऊन ओशाळला. मला राग आला होता. कान गेलेत हे आईने ओळखले. ती म्हणाली, "माझ्यासारखंच झालंय त्याचं. मला पण मागनं हाक मारू नका, पुढ्यात येऊन बोला." त्या दिवसापासून आम्ही मोत्यापाशी जाताना जमिनीवर पाय आपटून जाऊ लागलो. कान गेलेल्या जनावराला जमिनीची थरथर कळते.

नंतर डोळे गेले. बुबुळावर निळसर साय आली. घरातल्या वस्तू जागच्या जागी ठेवल्या तर तो बिनचूक चाले, पण कुणी पाट किंवा घमेले मध्ये ठेवले की धडके. पायऱ्या चढवेनात म्हणून जुनी फळी तिरपी लावून तिच्यावर गोणपाट ठोकले. पत्नीने जुन्या गोधडीची घडी करून दिली, कारण हाडे वर आलेल्या कुत्र्याला फरशीवर जखमा होतात. येथपर्यंत सगळे ठीक होते. म्हातारपण आहे, आपण सांभाळून घेऊ, असे वाटे.

२०२४ च्या हिवाळ्यात तो पाणी फार पिऊ लागला. भांडे दिवसातून चार वेळा भरावे लागे. रात्री पडवीत लघवी होऊ लागली. पत्नी सकाळी निमूटपणे धुऊन काढी. मी मात्र एकदोनदा त्याला ओरडलो. भाताच्या रोपाचे पान पिवळे पडले की मुळाशी काय झाले ते बघा, हे मी लोकांना सांगत आलो. माझ्याच पडवीतले लक्षण मला दिसत होते, पण वाचावेसे वाटले नाही. म्हातारपण म्हटले की पुढचा तपास करावा लागत नाही.

आता जे सांगतो ते सांगायला जड जाते. २०२५ च्या जूनमध्ये, लावणीच्या आधी, मोत्याचे मागचे पाय धरले. उठताना तो कण्हे. माझ्या गुडघ्यासाठी डॉक्टरांनी दिलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या घरात होत्या. मला बरे वाटते तर त्यालाही वाटेल, असे म्हणून मी अर्धी गोळी गुळात घालून दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिली. पहिल्या दिवशी तो खरेच बरा चालला. तिसऱ्या दिवशी त्याला उलट्या झाल्या आणि डांबरासारखे काळे शौच झाले. अन्न सुटले.

वाचकहो, यातली खरी लाज पुढेच आहे. गिधाडे का गेली हे मी स्वतः गावोगाव सांगितलेले आहे. दुखण्यासाठी गुरांना डायक्लोफेनॅक देत. ते गुरू मेले की गिधाडे त्यावर बसत, आणि त्या औषधाने त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती पटापट मरत. हे कारण २००४ साली जगापुढे आले, आणि २००६ साली आपल्या देशात गुरांसाठी या औषधाला बंदी झाली. त्याच्या जागी मेलॉक्सिकॅम वापरा, ते गिधाडांना बाधत नाही, असे मी सांगत असे. २०२३ साली किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक यांनाही जनावरांसाठी बंदी झाली, तीही माहिती मी वाचून दाखवली होती. एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष, हे मला तोंडपाठ होते. आणि घरी मी लेबल न वाचता गोळी मोडली.

गुरांचे डॉक्टर आले. तरुण माणूस, पण बोलणे शांत. मी गोळीचे सांगितले. ते रागावले नाहीत. माणसाच्या दुखण्यावरच्या गोळ्या कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतात, असे त्यांनी समजावले. रक्त काढून रत्नागिरीला पाठवले. तपासणीचा कागद आला तेव्हा म्हणाले, "मूत्रपिंडं बऱ्याच काळापासून खराब होत आलीत. दोन तृतीयांश काम बंद पडल्याशिवाय बाहेर काही दिसतच नाही. जास्त पाणी पिणं ही पहिली खूण असते." मी विचारले, "माझ्या गोळीनं किती?" ते म्हणाले, "थोडी भर घातली असेल." किती, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही पुन्हा विचारले नाही.

त्यानंतरचे सात-आठ आठवडे आम्ही त्याचे केले. बरा होणार नाही हे ठाऊक होते, तेव्हा बरे वाटावे एवढेच करायचे होते. दिवसातून दोनदा पोटभर देण्याऐवजी पाच वेळा थोडी थोडी पातळ पेज, मीठ न घालता. पाणी कधी तोडायचे नाही, रात्रीही नाही. मूत्रपिंड बिघडलेल्या जनावराचे पाणी लघवीच्या त्रासापायी तोडणे म्हणजे त्याला मारणेच. गोचीड हाताने वेचायचे, कारण अशक्त अंगावर जालीम औषध चालत नाही. कूस दर दोन तासांनी बदलायची. रात्रीची पाळी माझी होती.

या दिवसांत सल्ले पुष्कळ मिळाले. एकाने सांगितले, बंदरावर नेऊन सोडा, मासळीच्या घाणीवर जगेल चार दिवस. सांगणारा वाईट माणूस नव्हता. गावोगाव हेच चालते. पण ते ऐकले आणि मला ढवळ्या आठवला.

१९८८ साली मला दापोलीच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. फी आणि खोलीचे भाडे यांसाठी पैसे हवे होते. आमच्या जोतातला ढवळ्या तेव्हा म्हातारा झाला होता. माझ्या लहानपणापासून तो आमच्या खाचरांत नांगर ओढत होता. चिखलणी त्याने केली, शेणखताची गाडी त्याने ओढली, कलमांसाठी कातळावर आणलेली मातीही त्यानेच चढवली. वडील एका पहाटे त्याला घेऊन गेले आणि रात्री एकटे परतले. हातात फक्त दावे होते. जनावर विकले तरी दावे द्यायचे नाही, ही आमच्या घरची रीत. ते दावे त्यांनी गोठ्यात खुंटीला अडकवले आणि न जेवता झोपले. ढवळ्या कुणाला विकला, तो कुठे गेला, हे त्यांनी जन्मभर सांगितले नाही. मीही विचारले नाही. कारण उत्तर मला ठाऊक होते. १९७६ च्या कायद्याने राज्यात गाईच्या कत्तलीला बंदी होती, पण निकामी बैल दाखला घेऊन खाटकाकडे जाऊ शकत होता. माझी बी.एस्सी. त्या पैशावर सुरू झाली.

मार्च २०१५ पासून बैलाच्या कत्तलीलाही आपल्या राज्यात बंदी आली. तेव्हा वाटले होते, आता असा प्रश्न उरणार नाही. पण प्रश्न फक्त जागा बदलतो. पॉवर टिलर आल्यावर बैलाला काम उरले नाही, म्हातारा बैल कुणी विकत घेत नाही, आणि गरिबाला वैरण परवडत नाही. मग रात्री दावे सुटते आणि बैल रस्त्यावर येतो. फिरतीवर असताना मला ते डांबरावर बसलेले दिसतात. गाडीच्या उजेडात डोळे चमकतात, पण उठत नाहीत.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मोत्याने पेज सोडली. साखरी नाट्याचे एक मच्छीमार चाचा वर्षानुवर्षे त्याच्यासाठी माशांची डोकी ठेवीत. होड्या नुकत्या पाण्यात गेल्या होत्या. ते स्वतः बांगड्याची डोकी घेऊन आले. मोत्याने वास घेतला आणि मान फिरवली. चाचा बराच वेळ उकिडवे बसून राहिले. जाताना म्हणाले, "भाऊ, आता त्याला खायला नका घालू. त्यानं ठरवलंय."

तोंडात फोड आले, श्वासाला उग्र वास येऊ लागला, रात्री झटके येऊ लागले. डॉक्टरांनी सांगितले की आता दोन-चार दिवस, पण ते असेच जातील. तुमची तयारी असेल तर इंजेक्शन देऊन सोडवता येईल. मुलगी आता पुण्याला नोकरीला आहे. ती फोनवर रडत म्हणाली, "बाबा, त्याला सोडवा. माझी वाट बघू नका." पत्नीही तयार होती. मलाच धीर होईना, आणि आई तर स्पष्ट नाही म्हणाली. "आपण दिला न्हाय तो जीव, आपण कसा घ्यायचा?"

त्या रात्री मला साबरमतीच्या आश्रमातले वासरू आठवले. १९२८ साली ते असाध्य दुखण्याने तळमळत होते. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनी पुष्कळ विचार करून डॉक्टरांकडून इंजेक्शन देववून त्याची सुटका केली. त्यावर देशभर गदारोळ झाला आणि त्यांनी 'नवजीवन'मधून आपली बाजू मांडली. एवढ्या मोठ्या माणसालाही लोकांनी दूषणे दिली, मग आपण कोण? पण मला एक वेगळीच शंका छळत होती. मी त्याला सोडवतो आहे, की रात्रीच्या जागरणातून आणि त्या अर्ध्या गोळीच्या टोचणीतून स्वतः सुटू पाहतो आहे? खरे सांगायचे तर दोन्ही होते. निव्वळ एकच कारण असलेला निर्णय मी आयुष्यात फार कमी वेळा घेतला आहे.

पहाटे मोत्याला मोठा झटका आला. आई काठी टेकत पडवीत आली. तो ओसरेपर्यंत उभी राहिली, मग जमिनीवर बसली. तिने मला जे सांगितले ते मी तिच्याच शब्दांत देतो. "बोलव डॉक्टरला. तुझ्या बापाला ढवळ्याला विकल्याचं दुःख नव्हतं रे. पैसे लागत होते, विकला. शेवटी त्याच्या जवळ आपलं कोणी नव्हतं, ह्ये त्याला जन्मभर लागलं. तू ह्याच्या जवळ बस. उठून जाऊ नको."

सदतीस वर्षांत वडिलांविषयी हे मला प्रथमच कळले.

डॉक्टर दहाच्या सुमारास आले. पाऊस थांबला होता. मोत्याला गोधडीसकट उचलून खळ्यात आणले. आधी गुंगीचे इंजेक्शन दिले. त्याचे कण्हणे थांबले, अंग सैल पडले. मग शिरेतून भुलीचे औषध जास्त मात्रेत दिले. दोन-तीन मिनिटांत हृदय थांबले. डोळे मिटत नाहीत, घाबरू नका, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते. त्याचे डोके माझ्या मांडीवर होते. आईचा हात त्याच्या काळ्या कानावर होता. मी उठून गेलो नाही.

बागेच्या कडेला, विहिरीपासून लांब, जिथे माती खोल आहे तिथे खड्डा काढला. अंगात राहिलेले औषध उकरून खाणाऱ्या कोल्ह्या-कुत्र्यांना आणि पाखरांनाही बाधते, म्हणून छातीइतका खोल काढा, असे डॉक्टर बजावून गेले होते. चाचाही फावडे घेऊन आले. चुना आणि मीठ टाकले, माती लोटली, वर दगड रचले. रायगडावर वाघ्याची समाधी आहे. तिथला पुतळा १९३६ साली उभा राहिला. त्या कथेला जुन्या कागदांत आधार नाही म्हणून आजही वाद होतो. वाद जाणत्यांनी मिटवावा. धन्यामागे कुत्रा जातो ही गोष्ट लोकांना सांगावीशी वाटली, एवढे मात्र खरे. धन्याने कुत्र्यामागे कसे राहायचे, ते कुणी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. कुत्र्यासाठी रजा मागण्याची रीत नाही. एकाने विचारले, "चेहरा का उतरलाय?" मी सांगितले. "हात्तिच्या, कुत्रंच ना? दुसरं आणा." तेही रागवण्याजोगे नव्हते, मीही पूर्वी असेच म्हणालो असतो. पण संध्याकाळी खालच्या वळणावर गियर बदलताना माझा हात थांबला. गाडी बाजूला घेऊन मी पाच मिनिटे तिथे उभा राहिलो. पंचावन्नाव्या वर्षी, रस्त्याच्या कडेला, कुणी पाहत नाही असे बघून रडलो. घरी गेलो तर चहाचे आधण ठेवलेले नव्हते. आईला मी आल्याचे कळलेच नव्हते.

असो. पंधरा दिवसांनी एका गावात खरीप पिकांच्या पाहणीला गेलो असता एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला बाजूला घेतले. "साहेब, बैल थकलाय. काय करू?" पूर्वी माझे उत्तर तयार असे. त्या दिवशी मी त्याच्या गोठ्यात जाऊन बैल पाहिला, मग बोललो. बैलजोडीच्या हिशेबात आपण वैरण धरतो, नालबंदी धरतो, दरवर्षीचा घसारासुद्धा धरतो. म्हातारपणाची वैरण मात्र धरत नाही. ती धरा. जनावर तरणे आहे तेव्हाच पेंढ्याच्या उडव्यांतली एक त्याच्या नावाने मनात बाजूला ठेवा. एकट्याला झेपत नसेल तर वाडीने मिळून करा. दुखणे दिसले की घरच्या गोळ्या मोडू नका, डॉक्टरांना दाखवा. पाणी जास्त पितो, खाणे कमी झाले, तर म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका. आणि बरा होणार नाही असे कळले, तर रात्री दावे सोडू नका. डॉक्टरांना बोलवा आणि शेवटी जवळ बसा.

त्या शेतकऱ्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "साहेब, मागच्या साली तुम्हीच सांगितलं होतं की भाकड पोसू नका."

मी म्हणालो, "सांगितलं होतं. चुकलं माझं."

ढवळ्याचे दावे अजून आमच्या गोठ्यात खुंटीला आहे. मोत्याला आम्ही कधी बांधले नाही, त्यामुळे त्याचे काही उरले नाही. आई मात्र सकाळी पेजेची खरवड डोणीजवळच्या त्याच्या दगडावर टाकते. कावळे खातात. मी तिला काही म्हणत नाही.